उघडं दार ओरडत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष आहे. संगणकांच्या जाळ्यात कुणाला आत सोडायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, याची एक यादी असते. ती यादी बरोबर आहे की नाही हे कसं तपासायचं, याविषयी मला बोलायचं आहे. पण सुरुवात एका रात्रीच्या हकिकतीने करतो.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या रुग्णालयाने मला बोलावून घेतलं. नाव सांगत नाही, कारण जे तिथे झालं ते कुठेही होऊ शकतं. त्यांनी इमारतीवर एक मजला चढवला होता आणि नव्या वॉर्डात पाच-सहा संगणक बसवले होते. प्रयोगशाळेत रक्ताची तपासणी झाली की अहवाल वॉर्डातल्या संगणकावर दिसावा, अशी सोय होती. जुन्या वॉर्डात ती उत्तम चालायची. नव्या वॉर्डात मात्र पहिल्याच रात्री अहवाल दिसेना. रात्रपाळीच्या सिस्टर बटणं दाबून दाबून थकल्या. शेवटी वॉर्डबॉय जिन्यावरून खाली-वर करत कागदावर लिहिलेले आकडे पोहोचवत राहिला. एका रुग्णाची साखर झपाट्याने उतरत होती आणि तो आकडा वर पोहोचायला वीस मिनिटं लागली. रुग्ण वाचला, पण सकाळी डॉक्टर चांगलेच संतापलेले होते.

मी गेलो, यादी उघडली. चूक एका आकड्याची होती. चोवीसच्या जागी पंचवीस लिहिलं गेलं होतं. दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं. सगळे खूश झाले, चहा आला. चहा घेता घेता मी उरलेली यादी सहज वाचत होतो, आणि कप हातात तसाच राहिला. खाली प्रतीक्षालयात नातेवाइकांसाठी मोफत वायफाय ठेवलेलं होतं. त्या वायफायवरून कुणीही रुग्णालयाच्या बिलांच्या संगणकापर्यंत पोहोचू शकत होता. रुग्णाचं नाव, पत्ता, आजार, भरलेली रक्कम, सगळं त्या संगणकात. मध्ये फक्त एका पासवर्डची आडकाठी, आणि तो पासवर्ड काउंटरवर चिठ्ठी लिहून चिकटवलेला! हे दार अकरा महिने उघडं होतं आणि त्या अकरा महिन्यांत एकाही माणसाने तक्रार केलेली नव्हती.

तक्रार करणार तरी कोण? बंद दारावर माणूस थापा मारतो, आरडाओरडा करतो. उघडं दार ओरडत नाही. नव्या वॉर्डातली चूक एका रात्रीत उजेडात आली, कारण तिने कुणाला तरी अडवलं. प्रतीक्षालयातली चूक त्याहून मोठी होती, पण तिने कुणालाच अडवलं नाही, म्हणून ती कुणाला दिसलीही नाही. आज मला जे सांगायचं आहे त्याचं सार एवढंच आहे. अशा यादीची तपासणी करताना आपण नेमकी ही दुसरी बाजू विसरतो.

आकड्यांचा पत्ता

आता ही यादी असते कशी ते पाहू. इंटरनेटवरून किंवा कार्यालयाच्या जाळ्यातून जाणारी माहिती छोट्या छोट्या पॅकेटांमधून जाते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आजही सर्रास वापरात असलेली पत्त्याची पद्धत सप्टेंबर १९८१मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार चालते. चार आकडे, मध्ये टिंबं, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.१३०. आपल्या सोयीसाठी आपण तो असा लिहितो. संगणकाच्या लेखी मात्र ती ३२ खटक्यांची एक रांग असते, प्रत्येक खटका चालू किंवा बंद. अशा एकूण ४,२९,४९,६७,२९६ रांगा होतात, म्हणजे जवळजवळ ४३० कोटी पत्ते.

एवढे पत्ते एकेक करून यादीत लिहिणं शक्य नाही, म्हणून ते गटाने लिहितात. आपला पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२पासून तो वापरात आहे. पुणे शहराची पत्रं ४११ने सुरू होतात. पत्रं वेगळी करणाऱ्याला सांगितलं की पहिले तीन आकडे ४११ असतील ते या पिशवीत टाक, पुढचे तीन काहीही असोत, तर एका वाक्यात हजारभर पिनकोडांची सोय लागते. आयपी पत्त्यांचंही असंच आहे. पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून २४ लिहिलं, तर त्याचा अर्थ पहिले २४ खटके जुळले पाहिजेत, उरलेले ८ कसेही चालतील. आठ खटक्यांचे २५६ पत्ते होतात, म्हणजे शेवटचा आकडा ० ते २५५.

आता चोवीसच्या जागी पंचवीस लिहिलं तर? एक खटका जास्त जुळावा लागतो, म्हणून गट निम्मा होतो, फक्त ० ते १२७. इथेच माणूस फसतो. रेघेपुढचा आकडा वाढला की गट वाढला असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो लहान होतो. रुग्णालयात नेमकं हेच झालं होतं. जुन्या वॉर्डातले संगणक १२७च्या आत होते, म्हणून चूक लपून राहिली. नव्या वॉर्डाला १३०पासूनचे आकडे मिळाले आणि ते सगळे दाराबाहेर राहिले.

दुसरी अडचण अशी की, हे खटके दर वेळी टिंबापाशीच तुटतात असं नाही. घरात, कार्यालयात आतल्या आत वापरायला काही पत्ते १९९६मध्ये कायमचे राखून ठेवलेले आहेत. १०ने सुरू होणारे सगळे, १९२.१६८ने सुरू होणारे सगळे, आणि तिसरा गट १७२.१६पासून १७२.३१पर्यंतचा. हा तिसरा गट आडनिडा आहे, कारण तो पहिल्या १२ खटक्यांवर तुटतो. काही जण १७२ने सुरू होणारं सगळंच घरचं समजतात आणि बाहेरच्यांना आत घेतात. काही जण फक्त १७२.१६ एवढंच लिहितात आणि घरच्यांना बाहेर ठेवतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची आणखी एक हातचलाखी असते. ते पत्त्याकडे आकडा म्हणून न पाहता अक्षरं म्हणून पाहतात. ‘१०.१ने सुरू होणाऱ्याला सोड’ असं लिहून टाकतात. पण अक्षरं म्हणून पाहिलं, तर १०.११ आणि १०.१९९ हेसुद्धा १०.१नेच सुरू होतात! गल्ली एकची यादी करायला सांगावी आणि अकरा ते एकोणीस नंबरच्या गल्ल्याही त्यात याव्यात, असा हा प्रकार.

यादी वरून खाली वाचली जाते

आता यादीकडे वळू. गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या हातात वही आहे. प्रत्येक येणाऱ्यासाठी तो वही वरून वाचायला लागतो आणि जो पहिला नियम लागू होईल त्याप्रमाणे वागतो. पुढचं पान तो उलटत नाही. वहीत पहिली ओळ असेल ‘सगळ्या कुरिअरवाल्यांना सोड’ आणि दुसरी असेल ‘काल भांडण केलेल्या कुरिअरवाल्याला सोडू नको’, तर ही दुसरी ओळ कधीच वाचली जाणार नाही. ती वहीत आहे, लिहिणाऱ्याचं समाधान झालं आहे, पण तिचा उपयोग शून्य.

बहुतेक राउटर आणि फायरवॉल असेच वागतात. बहुतेक म्हणतो, कारण ओपनबीएसडी या प्रणालीतली पीएफ नावाची चाळणी वेगळं वागते. वेगळं काही सांगितलं नसेल, तर ती सगळी वही वाचते आणि शेवटी जुळलेला नियम मानते. तीच यादी, त्याच क्रमाने, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेली तर अर्थ उलटा होऊ शकतो. सिस्कोच्या राउटरवर गट लिहिण्याची रीतही काही ठिकाणी उलटी असते. कुठले खटके जुळायला हवेत ते सांगण्याऐवजी कुठल्यांकडे दुर्लक्ष करायचं ते सांगावं लागतं. सवयीने सरळ रीत लिहिली, तर यंत्र कुरकुर करत नाही. ते निमूटपणे भलत्याच पत्त्यांना जुळवून घेतं.

आमच्या रुग्णालयाच्या यादीतला दुसरा नियम असा होता : १९२.१६८ने सुरू होणाऱ्या सगळ्यांना बिलांच्या संगणकाकडे जाऊ द्या. तिसरा नियम होता : प्रतीक्षालयातल्या गटाला कुठेही जाऊ देऊ नका. तिसरा नियम चोख होता, पण प्रतीक्षालयाचे पत्तेही १९२.१६८नेच सुरू होत असल्यामुळे बिलांच्या बाबतीत तो कधी वाचलाच जात नव्हता. चौकशी केल्यावर कळलं की बिलांचं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने ‘तात्पुरता’ म्हणून दुसरा नियम घातला होता. काम झालं, माणूस गेला, नियम राहिला. तात्पुरत्या गोष्टींचं आपल्याकडे काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

अशा झाकल्या गेलेल्या नियमांचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ॲलेन मेयर, अविशाय वूल आणि एलिशा झिस्किंड यांनी २०००मध्ये ‘फँग’ नावाची प्रणाली मांडली. तिला फायरवॉलची यादी द्यायची आणि प्रश्न विचारायचे, इथून तिथे कोण जाऊ शकतं? याच वूल यांनी २००४मध्ये ३७ फायरवॉलच्या खऱ्याखुऱ्या नियमावल्या तपासून लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष साधा होता. चुका सर्रास आहेत आणि यादी जितकी गुंतागुंतीची तितक्या त्या जास्त. यादी लिहिणारी माणसं अडाणी नव्हती. वर्षानुवर्षं ओळी वाढत जातात आणि जुनी ओळ खोडायची कुणाची हिंमत होत नाही, हे खरं कारण.

एकच पत्ता, दोन वाचनं

यादी निर्दोष असली तरी पत्ता वाचण्यातच घोटाळा होऊ शकतो. २०२१मधली घटना सांगतो. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक सगळंच स्वतः लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे वापरतात. आयपी पत्ता कुठल्या गटात बसतो हे सांगणारा ‘नेटमास्क’ नावाचा असा एक तुकडा होता. दर आठवड्याला तो लाखो वेळा उतरवून घेतला जात असे. मार्च २०२१मध्ये त्यातला एक दोष जाहीर झाला.

दोष समजायला थोडं गणित लागेल. सी या भाषेपासून चालत आलेली एक रीत आहे. आकड्याच्या आधी शून्य असेल, तर तो दहाच्या नव्हे, आठच्या पटीत वाचायचा. म्हणजे शून्य-एक-दोन हा आकडा बारा नाही. एक आठ अधिक दोन, म्हणजे तो होतो दहा. नेटमास्क मात्र पुढचं शून्य सोडून देऊन त्याला बारा म्हणायचा.

यात बिघडलं काय? समजा, एखादं संकेतस्थळ तुम्ही दिलेल्या पत्त्यावरून चित्र आणून दाखवतं. तुम्ही त्याला त्याच्याच घरातला पत्ता दिलात, तर ते तुमच्यासाठी आतल्या खोलीत जाऊन काहीही आणून देईल. म्हणून ते आधी तपासतं की हा पत्ता आतला तर नाही ना? आता कुणी ०१२.०.०.१ असा पत्ता दिला. तपासणारा म्हणतो, बाराने सुरू होतो, बाहेरचा आहे, जाऊ दे. प्रत्यक्ष जाणारा वाचतो दहा, आणि दहाने सुरू होणारे सगळे पत्ते आतले! फाटकावरचा वॉचमन आणि आतला शिपाई एकच चिठ्ठी वेगवेगळी वाचतात, असं हे झालं. त्याच वर्षी पायथॉन या भाषेच्या तयार संचातही याच जातीचा दोष निघाला. पुढे पायथॉनने असे शून्याने सुरू होणारे आकडे सरळ नाकारायचं ठरवलं.

याला जोडूनच नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा प्रश्न येतो. जुने पत्ते संपत आल्यामुळे १२८ खटक्यांचे लांबलचक पत्ते आले. त्यांना आयपी आवृत्ती ६ म्हणतात. जुना पत्ता या नव्या पत्त्याच्या वेष्टनात गुंडाळून लिहिण्याचीही अधिकृत रीत आहे. तपासणाऱ्याने वेष्टन सोडवून पाहिलं नाही, तर मनाई असलेला पत्ता कपडे बदलून आत येतो. आणि कित्येक ठिकाणी तर जुन्या पत्त्यांसाठी कडक यादी असते, नव्या पत्त्यांसाठी यादीच नसते. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागच्या दाराला कडीही नाही.

उपाय सोपा आहे. पत्ता दारात आला की एकदाच त्याचं मूळ रांगेत रूपांतर करावं, तपासणीलाही तीच रांग वापरावी आणि पुढे जायलाही तीच. ज्याचे दोन अर्थ निघतील असा पत्ता आला, तर अंदाज न बांधता तो परत पाठवावा.

काल बरोबर होती, आज चूक आहे

बरोबर लिहिलेली यादीसुद्धा जुनी होते. पूर्वी राउटर सांभाळणारे लोक, जे पत्ते अजून कुणालाच दिलेले नाहीत ते अडवून ठेवत. विचार बरोबर होता. जे घर बांधलेलंच नाही, तिथून पत्र आलं तर ते बनावटच असणार. पण २००२मध्ये ६९ने सुरू होणारा १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्त्यांचा गट उत्तर अमेरिकेतल्या नोंदणी संस्थेला वाटपासाठी देण्यात आला. ज्यांना तिथले पत्ते मिळाले, त्यांना कित्येक संकेतस्थळं उघडेनात. जगभरच्या राउटरांमध्ये जुन्या याद्या तशाच पडून होत्या. आपला गुन्हा काय, हेच त्या बिचाऱ्यांना कळत नव्हतं.

१ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचंही असंच झालं. हे पत्ते कुणाचेच नाहीत असं समजून अनेकांनी १.१.१.१ हा पत्ता आपल्या यंत्रांत अंतर्गत कामासाठी किंवा नमुना म्हणून वापरला. २०१०मध्ये तो गट आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडे आला. १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने या संस्थेच्या सहकार्याने त्याच पत्त्यावर एक सार्वजनिक सेवा सुरू केली. तेव्हा कित्येकांच्या लक्षात आलं की आपल्या घरातलं किंवा पुरवठादाराचं यंत्र त्या पत्त्यापर्यंत आपल्याला जाऊच देत नाही. दरम्यान ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले जुन्या पद्धतीचे शेवटचे पाच मोठे गट वाटून संपले होते. जे घर बांधलेलंच नाही, असं म्हणायला आता फारशी जागा उरलेली नाही.

तपासायचं कसं?

आता मुद्द्याचं बोलू. पहिली गोष्ट, यादी तपासायला यादी पुरत नाही. वेगळ्या कागदावर साध्या मराठीत हेतू लिहावा लागतो. कोणी कुठे पोहोचलंच पाहिजे आणि कोणी कुठे कधीही पोहोचता कामा नये. हा कागद संगणकवाल्याने एकट्याने लिहू नये. ज्यांचं काम त्यावर चालतं त्यांनी सांगावा आणि त्यांना वाचताही यावा.

दुसरी गोष्ट, प्रश्न सीमेवर विचारावेत. शेतजमिनीचं भांडण कधी शेताच्या मधोमध होत नाही, ते बांधावर होतं. ० ते १२७ असा गट असेल तर मधला ५० तपासून काही कळत नाही. पहिला ०, शेवटचा १२७, त्याच्या पुढचा १२८ आणि गट सुरू होण्याच्या आधीचा, मागच्या गटातला २५५, हे चार तपासावेत. आमच्या रुग्णालयात वॉर्डाच्या गटातला शेवटचा २५५ आधी विचारला असता, तर ती रात्र टळली असती.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ‘हो’ या उत्तराचे प्रश्न सगळेच विचारतात, कारण काम चालू करायचं असतं. ‘नाही’ या उत्तराचे प्रश्न जाणूनबुजून विचारावे लागतात. मी तर म्हणेन, एका ‘हो’मागे दोन ‘नाही’ असावेत.

चौथी गोष्ट, तपासणीचीही तपासणी हवी. एखादा नियम मुद्दाम बिघडवून पाहावा, अर्थात सरावाच्या प्रतीवर. तरीही सगळं ठीक आहे असंच उत्तर आलं, तर तुमच्या तपासणीला डोळेच नाहीत असं समजावं. आणि यादीतली एक ओळ जरी बदलली, तरी सगळे प्रश्न पुन्हा विचारावेत. हे काम माणसाला कंटाळवाणं वाटतं. संगणकाला कंटाळा येत नाही, त्याच्याकडे सोपवावं.

पाचवी गोष्ट, शेवटी एकदा प्रत्यक्ष जागेवर जाऊन बसावं. मी लॅपटॉप घेऊन प्रतीक्षालयातल्या बाकावर बसलो आणि तिथून रुग्णालयाचा एकेक संगणक हाक मारून पाहिला. कागदावर बंद दिसणारं दार प्रत्यक्षात दुसऱ्याच राउटरमार्गे उघडं असू शकतं. एक सावधगिरी मात्र बाळगावी. हा उद्योग स्वतःच्या जाळ्यातच, आणि लेखी परवानगी घेऊनच करावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००नुसार अंगाशी येतं.

कुणी विचारेल, एवढं डोकं लावण्यापेक्षा संगणकाकडून सगळेच प्रश्न विचारून का घेऊ नयेत? तर हिशेब पाहा. पाठवणाऱ्याचा पत्ता ३२ खटके, घेणाऱ्याचा ३२, पोर्ट म्हणजे दोन्हीकडच्या दारांचे क्रमांक प्रत्येकी १६, आणि माहितीचा प्रकार ८. एकूण १०४. इतक्या खटक्यांच्या रांगा होतात साधारण दोनावर एकतीस शून्यं. सेकंदाला शंभर कोटी प्रश्न विचारले, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या चाळीस हजारपटीहून अधिक काळ लागेल.

म्हणून गणितज्ञांनी वेगळी वाट काढली. एकेक पत्ता विचारायचाच नाही. नियम म्हणजे पत्त्यांचा संच समजायचा, हेतू म्हणजेही एक संच समजायचा आणि पहिल्यातला काही भाग दुसऱ्याच्या बाहेर पडतो का, एवढंच पाहायचं. मायक्रोसॉफ्टने आपल्या अझूर सेवेसाठी ‘सेकगुरू’ नावाची अशी प्रणाली बनवली. झेड-थ्री नावाचं तर्काचे प्रश्न सोडवणारं इंजिन तिच्या मुळाशी आहे. २०१५मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलेली ‘बॅटफिश’ ही प्रणाली तर कुणालाही मोफत वापरता येते. या प्रणाली नुसतं चूक आहे असं म्हणून थांबत नाहीत. कुठला पत्ता आत शिरेल आणि कुठल्या ओळीमुळे, ते उदाहरणासह दाखवतात. न ओरडणाऱ्या दाराला आवाज देण्याचंच हे काम आहे.

यंत्राला न कळणारा प्रश्न

पण इथेही एक मेख आहे. नातेवाइकांनी बिलांच्या संगणकापर्यंत जाता कामा नये, हे कुणीतरी आधी सांगावं लागतं. न सांगितलेला हेतू कुठलंही यंत्र तपासू शकत नाही.

म्हणून त्या दुपारी आम्ही सगळे एकत्र बसलो. डॉक्टर, मेट्रन, काउंटरवरचे कारकून आणि रात्रपाळी संपवूनही मुद्दाम थांबलेल्या त्या सिस्टर. कागदाचे दोन भाग केले, एका बाजूला ‘पोहोचलंच पाहिजे’, दुसऱ्या बाजूला ‘पोहोचता कामा नये’. पहिला भाग दहा मिनिटांत भरला. दुसऱ्या भागासमोर सगळे गप्प बसले. मग सिस्टर म्हणाल्या, “सर, ते आधीचे डॉक्टर सोडून गेले ना, ते घरून रिपोर्ट बघायचे. त्यांचं अजून चालू आहे का?”

मी यादी पाहिली. चालू होतं. त्या डॉक्टरांच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता प्रयोगशाळेच्या नियमांत तसाच होता. ते सज्जन गृहस्थ होते, ते आता कशाला पाहायला येतील, असं कुणीतरी म्हणालं. पण प्रश्न त्यांचा नव्हताच. घरगुती इंटरनेटचे पत्ते बहुधा भाड्याच्या खोलीसारखे असतात. आज एका ग्राहकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. डॉक्टरांनी ते कनेक्शन सोडलं असेल, तर तो पत्ता आज गावातल्या भलत्याच कुणाच्या घरी असणार. आम्ही डॉक्टरांना परवानगी दिली आहे असं समजत होतो. यंत्राने ती एका आकड्याला दिली होती.

ती ओळ आम्ही खोडली आणि सिस्टरांचा प्रश्न कागदाच्या उजव्या बाजूला पहिल्या क्रमांकावर लिहिला. तो कागद अजून तिथल्या कार्यालयात आहे. यादीत बदल झाला की त्यावरचे सगळे प्रश्न संगणक आपोआप विचारतो, आणि वर्षातून एकदा मंडळी एकत्र बसून उजव्या बाजूला आणखी काही लिहायचं आहे का, ते पाहतात. मागच्या खेपेला तीन ओळी वाढल्या.

तुमचं रुग्णालय नसेल. पतसंस्था असेल, शाळा असेल, दुकान असेल, नाहीतर घरातलं वायफाय असेल. तिथेही अशी एक यादी असतेच, कुणीतरी कधीतरी लिहिलेली. ज्याने ती लिहिली त्याला एकदा बोलवा आणि विचारा, इथे कोण पोहोचता कामा नये, आणि ते तुम्ही शेवटचं केव्हा तपासलंत?